मंडळी कोणाची?

व्हीएच-वन या अमेरिकन संगीतवाहिनीने २००० साली 'डेड्रीम बिलीव्हर्स : द मंकीज स्टोरी' नावाचा एक दूरचित्रवाणीपट दाखवला. त्याचा विषय होता 'द मंकीज' हा गायकसंच. हा संच मित्रांच्या मैफलीतून जन्मला नव्हता. १९६५ साली एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी जाहिरात देऊन चार तरुण निवडण्यात आले आणि १९६६च्या सप्टेंबरात एनबीसी वाहिनीवर ते एका लोकप्रिय संचाच्या भूमिकेत दिसू लागले. गाणी व्यावसायिक गीतकारांची होती. पहिल्या ध्वनिमुद्रिकांतील बहुतेक वाद्ये वाजवली ती स्टुडिओतील पगारी वादकांनी. कोणते गाणे घ्यायचे आणि कोणते टाकायचे हे डॉन कर्शनर हा संगीतप्रमुख ठरवी. दुसरी ध्वनिमुद्रिका तर त्या चौघांना न विचारताच बाजारात आली. तेव्हा, संच म्हणून दाखवले जाणाऱ्या या चौघांनी खरोखरच संच होण्याचा हक्क मागितला. १९६७च्या फेब्रुवारीत कर्शनरला जावे लागले आणि त्याच वर्षी 'हेडक्वार्टर्स' ही ध्वनिमुद्रिका त्यांनी मुख्यतः स्वतः वाजवून सिद्ध केली. पुढल्याच वर्षी मालिका बंद पडली. कर्शनर मात्र 'द आर्चीज' या व्यंगचित्रांतील संचाचे संगीत पाहू लागला. कागदावरची पात्रे हक्क मागत नाहीत, हे त्याने बरोबर ओळखले होते.

या कथानकात आनुषंगिक गमतीचा एक धागा आहे. 'लेखकाचा मृत्यू' हा रोलाँ बार्थचा निबंध प्रथम प्रसिद्ध झाला तो १९६७ सालीच. संहितेमागच्या कर्त्याला सैद्धांतिक निरोप दिला जात असतानाच, ज्यांना कर्ते म्हणून कधी कोणी मोजलेच नव्हते असे चौघे कर्तेपणाचा दावा मांडत होते. कर्तेपण नाकारणे ही ज्याच्याकडे ते आधीपासून आहे त्याची चैन असते काय, हा प्रश्न येथे उद्भवतो. मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला तो अपरिचित वाटू नये. 'मंडळी' या एका शब्दात तो गेली सव्वाशे वर्षे दडलेला आहे.

नाटक मंडळी हीही बेतून तयार केलेलीच संस्था होती. गळा पाहून, रूप पाहून लहान मुले गोळा केली जात. त्यांना मंडळीच्या बिऱ्हाडी ठेवून गाणे, चालणे, लुगडे नेसणे शिकवले जाई. नाटक निवडणारे वेगळे, पदे रचणारे वेगळे, चाली देणारे वेगळे आणि गल्ला मोजणारे तर निराळेच. केशवराव भोसले गरिबीमुळे बालवयातच स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि 'शारदा' नाटकातील शारदेच्या भूमिकेने गाजले. ज्या गळ्यावर मंडळी चालत होती तो गळा मंडळीत मात्र आश्रित होता. १९०८ साली त्यांनी हुबळीस 'ललितकलादर्श' ही स्वतःची संस्था काढली, तेव्हा त्यांचे वय अवघे अठराच्या आसपास होते.

नारायण श्रीपाद राजहंस यांची घडणही अशीच झाली. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले. त्यामागे राजर्षी शाहू महाराजांची मदत होती. अभिनयाची तालीम देवलांनी दिली, गाण्याची भास्करबुवा बखल्यांनी. 'मानापमान'च्या चाली १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या. बालगंधर्व हे जे रूप महाराष्ट्राने डोळ्यांत साठवले ते एका गुणवंताचे होते यात शंका नाही. पण त्या रूपाच्या घडणीत इतके हात होते की 'स्वतःचा आवाज' हा आपला रुळलेला शब्दप्रयोग येथे जपूनच वापरावा लागतो. १९१३च्या जुलैत बालगंधर्व, गणेश गोविंद बोडस आणि टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. एक नट, एक गायक-नट आणि एक संगीतकार अशी ही भागीदारी होती. मराठी रंगभूमीवर कलावंतांनी कारभाराचा ताबा घेतल्याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल.

या घटनेशी वऱ्हाडाचे नाते दुरून पाहणाऱ्याचे नव्हते. नव्या मंडळीने आपला पहिला प्रयोग केला तो 'मूकनायक' या नाटकाचा, आणि 'मूकनायक'कार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली करणारे गृहस्थ होते. (विद्यार्थ्यांचा नेहमी घोळ होतो म्हणून सांगायचे : किर्लोस्कर मंडळीचे गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले, पुढे 'बळवंत'चे भागीदार झाले ते चिंतामणराव कोल्हटकर, आणि हे तिसरे. एका आडनावाने मराठी रंगभूमीचा निम्मा इतिहास अडवून ठेवला आहे.) नाट्यसंमेलनाची परंपरा १९०५ साली मुंबईत सुरू झाली, तिचे पहिले अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. म्हणजे ज्या काळात नारायणराव शकुंतलेची भूमिका शिकत होते त्या काळात नाट्यव्यवसायाला सार्वजनिक व्यासपीठावरून बोलते करण्याचे काम एका वऱ्हाडी वकिलाकडे होते. मुंबई-पुण्याच्या कारखान्यात तयार झालेला माल वऱ्हाडाने नुसता विकत घेतला, असे चित्र म्हणूनच खरे नाही.

कोल्हटकरांच्या नाट्यपदांकडे मुद्दाम थांबून पाहिले पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पदांना साकी-दिंडीची, कीर्तनाची, कानडी नाटकांची पार्श्वभूमी होती. कोल्हटकरांनी 'वीरतनय'पासून पारशी-उर्दू रंगभूमीवरील चालींचा मार्ग धरला. चाल आधी, शब्द नंतर. तयार साच्यात मराठी अक्षरे बसवायची, मात्रा जुळवायच्या, यमक साधायचे आणि त्यातून प्रसंगाचा अर्थही निघाला पाहिजे अशी ती कसरत होती. त्यांच्या पदांची क्लिष्टता हा टीकेचा जुना विषय आहे. ती टीका निराधार नाही, पण क्लिष्टतेचा उगम कवीच्या स्वभावात जितका आहे तितकाच या उत्पादनपद्धतीत आहे, हे फारसे लक्षात घेतले गेलेले नाही. बाजारात चालणारी चाल हेरून तिच्यावर शब्द बेतणे ही पद्धत न्यूयॉर्कच्या गीतकारांनी मंकीजसाठी वापरलेल्या रीतीपेक्षा तत्त्वतः फारशी वेगळी नव्हे. फरक काळाने पाडला. जे तेव्हा उसने आणि उथळ म्हणून हिणवले गेले त्याच वाटेने आलेले नाट्यसंगीत आज 'आपला वारसा' म्हणून सन्मानाने मिरवते. जनप्रिय कलेला संस्कृती-उद्योगाचे अपत्य मानून एका वाक्यात निकालात काढणाऱ्या अडोर्नोच्या मराठी अनुयायांनी या उलाढालीचे काय करायचे ते ठरवावे.

आता चरित्रपटाकडे वळता येईल. रवी जाधव दिग्दर्शित 'बालगंधर्व' २०११ साली प्रदर्शित झाला. अभिराम भडकमकर यांची पटकथा, नितीन चंद्रकांत देसाई यांची निर्मिती, नायकाच्या भूमिकेत सुबोध भावे. चित्रपटगृहांत तो चांगला चालला. पण अमरावती, अकोला, अचलपूर, मूर्तिजापूर अशा गावांतल्या नव्या पिढीने तो पाहिला तो बहुतांशी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, जाहिरातींच्या मधल्या जागेत. चित्रपट देखणा आहे, त्यातली निष्ठा खरी आहे आणि त्याला तुच्छ लेखण्याचे काही कारण नाही. तरीही चरित्रपट या प्रकाराची जी अंगभूत मर्यादा आहे ती याच चित्रपटात अत्यंत स्पष्ट दिसते. या प्रकाराला एक चेहरा लागतो. मंडळीला चेहरा नसतो. तिला असतात करार, हिस्से, वाद, बिऱ्हाड, सामानाचे पेटारे, रेल्वेचे भाडे आणि सावकार. त्यामुळे संस्थेची गोष्ट व्यक्तीच्या आयुष्यात विरघळवावी लागते. मुलीच्या मृत्यूचा घाव उरात ठेवून 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाला उभा राहणारा नट पडद्याला पेलतो. भागीदारीच्या अटी पडद्याला पेलत नाहीत.

अमरावतीतील एका वसतिगृहाच्या दूरचित्रवाणीच्या खोलीत हा चित्रपट चालू असताना पदव्युत्तर वर्गातल्या तिघांचे झालेले बोलणे या संदर्भात मार्मिक आहे. नायक जुनी मंडळी सोडतो तिथे एकाने विचारले, "अबे, पण सारं चांगलं चाल्लं होतं, मंग कंपनी सोडली कायले?" दुसरा म्हणाला, "मालकी पायजे होती ना बाप्पा. गाणं याचं अन् पैसा दुसऱ्याचा, असं कोणाले जमते?" तिसरा बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, "मालकी भेटली मंग. पण मालक झाल्यावर हिशेब कोण पाहे?" जाहिराती संपल्या आणि बोलणे तिथेच थांबले. कापसाच्या हिशेबात वाढलेल्या मुलाच्या तोंडी तो प्रश्न येणे स्वाभाविकच म्हणायचे. चित्रपटाच्या समीक्षणांत मात्र तो फारसा आढळत नाही.

हिशेब कोण पाहे? गंधर्व मंडळीच्या इतिहासाचे मर्म या प्रश्नात आहे. टेंबे थोड्याच वर्षांत बाहेर पडले. पुढे बोडसही गेले. तिघांची संस्था एकाची झाली. गालिचे, खरे दागिने, अत्तरे, शालू यांवर पैसा ओतला गेला आणि १९२०च्या सुमारास मंडळी कर्जाच्या ओझ्याखाली आली. चित्रपट हा सारा भाग कलावंताच्या राजस वृत्तीचा, व्यवहारशून्य औदार्याचा पुरावा म्हणून मांडतो. प्रेक्षकही तो तसाच स्वीकारतो, कारण उधळ्या प्रतिभावंताची प्रतिमा आपल्याला प्रिय आहे. पण रंगमंचावर काय दिसावे हे ठरवण्याची सत्ता आणि त्यासाठी किती खर्च व्हावा हे ठरवण्याची सत्ता या दोन गोष्टी १९१३च्या तिघांत वाटलेल्या होत्या. त्या एका हाती येताच नकार देणारे कोणी उरले नाही. नियंत्रण मिळवणे याचा अर्थ अडवणाऱ्याला दूर करणे असाच घेतला, तर अडवणाऱ्याचे काम स्वतःला करावे लागते हा उत्तरार्ध राहून जातो. मंकीजचीही गत काहीशी अशीच झाली. समान शत्रू गेल्यावर चौघांची चार मने झाली आणि १९६८ संपता संपता एक जण निघून गेला.

येथे भगवानदादांची आठवण अपरिहार्यपणे होते. भगवान आबाजी पालव यांचा जन्म अमरावतीचा, आणि सालही नेमके १९१३. गिरणी कामगाराच्या घरातला हा मुलगा स्वस्त हाणामारीच्या चित्रपटांतून वर आला, स्वतःची निर्मितीसंस्था काढून बसला आणि १९५१च्या 'अलबेला'ने शिखरावर गेला. निर्माता तो, दिग्दर्शक तो, नायक तो. पुढचे चित्रपट कोसळले आणि अखेरची वर्षे चाळीत गेली. २०१६च्या 'एक अलबेला' या चरित्रपटात मंगेश देसाई यांनी ती भूमिका केली. तिथेही उदय रंगतो आणि उतरण हळहळीत आटोपते. चरित्रपटाला चढ दाखवता येतो आणि उतार दाखवता येतो. चढाच्या आतच उताराची जी कलमे लिहिलेली असतात ती त्याला वाचता येत नाहीत.

ही कलमे वाचायची तर दुसऱ्या संहितांकडे जावे लागते. बोडसांची 'माझी भूमिका', टेंब्यांचा 'माझा जीवनविहार', चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' ही तीन आत्मकथने एकत्र वाचली की मंडळी नावाची वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते. तिघेही मध्यवर्ती दीपाच्या कडेला उभे राहिलेले. तिघांनाही त्या दीपाचे तेज मान्य आहे, पण तेल कोण घालत होते हेही ते विसरलेले नाहीत. 'बहुरूपी'ला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याकडे शैलीदार आठवणींचे पुस्तक म्हणून पाहिले गेले. संस्थेच्या अर्थकारणाचा दस्तऐवज म्हणून ते अद्याप पुरेसे वाचले गेलेले नाही. या आत्मकथनांत 'मी' हा सर्वनामी कर्ता वारंवार 'आम्ही' होतो आणि अवघड प्रसंगी पुन्हा 'मी' होतो. हा व्याकरणिक हेलकावा म्हणजे मंडळीच्या मालकीचा प्रश्नच आहे. चित्रपटाच्या भाषेत 'आम्ही'साठी सर्वनाम नाही. तिथे जवळून घेतलेला चेहरा असतो किंवा मग गर्दी असते.

चिंतामणराव स्वतः अशाच एका फुटीचे वाटेकरी होते. १९१८ साली दीनानाथ मंगेशकर, कृष्णराव कोल्हापुरे आणि ते किर्लोस्कर मंडळीतून निघाले आणि त्यांनी बळवंत संगीत मंडळी उभारली. या मंडळीने १९२७ साली 'रणदुंदुभी' हे नाटक रंगमंचावर आणले. नाटककार अमरावतीचे वीर वामनराव जोशी. त्यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' त्यापूर्वी केशवरावांच्या ललितकलादर्शने गाजवलेले होते. म्हणजे मालकांपासून सुटलेल्या नटांच्या दोन संस्थांनी वऱ्हाडच्या एका राजकीय कार्यकर्त्याला आपला लेखक मानले. यात केवळ योगायोग पाहणे कठीण जाते. 'रणदुंदुभी'तील पारतंत्र्याविषयीची पदे दीनानाथांच्या गळ्यातून ऐकताना प्रेक्षकाला देशाचे पारतंत्र्य आठवे, ते तसे आठवावे अशीच वामनरावांची योजना होती. पण गाणाऱ्याला दुसऱ्याच्या मंडळीतली आपली वर्षे आठवत नसतील असे खात्रीने कोणी म्हणावे? शब्द अमरावतीचे, चाली वझेबुवांच्या, गळा दीनानाथांचा, संस्था भागीदारांची. त्या पदांचा कर्ता कोण, या प्रश्नाचे एकवचनी उत्तर संभवत नाही. आणि तरीही ती पदे कोणाचीच नाहीत असेही म्हणता येत नाही. बार्थच्या निबंधाला मराठी रंगभूमीने दिलेली ही एक आगाऊ दुरुस्ती आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नव्हे.

'बालगंधर्व' चित्रपटातील एक विरोधाभास मात्र चित्रपटाचा दोष नसून माध्यमाचा कबुलीजबाब आहे. गायक-नट म्हणजे ज्याचा देह आणि ज्याचा गळा एकच आहे असा कलावंत. त्याच्या चरित्रपटात देह सुबोध भावे यांचा आहे आणि गळा आनंद भाटे यांचा. भाटे यांना या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि तो सर्वस्वी योग्य होता. परंतु इतरांनी वाजवलेल्या गाण्यावर ओठ आणि बोटे हलवण्याची जी सक्ती मंकीजना अपमानास्पद वाटली होती, तीच व्यवस्था येथे श्रद्धांजलीचे साधन झाली आहे. पडद्यावर नट गातो आहे यावर प्रेक्षक विश्वास ठेवतो आणि त्या विश्वासाच्या आधारे, एके काळी नट खरोखर गात असत, हे त्याला पटते.

नियंत्रणाचा आणखी एक भागीदार होता, आणि तो कोणत्याच करारात नव्हता. नाटक मंडळ्या आगगाडीने बडनेऱ्याला उतरून अमरावतीस येत, अकोल्यास मुक्काम टाकीत. तंबूत बसलेला प्रेक्षक 'वन्स मोअर' देई. एक पद दोनदा, तीनदा, क्वचित त्याहून अधिक वेळा होई. नाटक पहाटेपर्यंत लांबे. कथानकाचा ओघ तुटे, नाटककार मनात चडफडत असेल, पण पद किती वेळ चालणार हे अखेर समोरचा प्रेक्षक ठरवी. गायक प्रत्येक वेळी तेच पद निराळे गाई, कारण मागणी पुन्हा आली म्हणजे नवे काही द्यावे लागे. आलाप कुठे वाढला, कोणती जागा पुन्हा घेतली, हे गायकाच्या कसबाइतकेच कापूस विकून आलेल्या शेतकऱ्याच्या आणि मागच्या बाकावरच्या कारकुनाच्या टाळीने घडलेले असे. सर्जनावरचा हा ताबा ना मुजुमदारांच्या मंडळीने प्रेक्षकाला दिलेला होता, ना बालगंधर्वांना तो त्याच्याकडून काढून घेता आला असता.

१९३५ साली बालगंधर्वांनी प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा'त एकनाथांची भूमिका केली. शांतारामबापूंचे दिग्दर्शन, उत्तम यंत्रसामग्री, आणि आयुष्यभर नेसलेले लुगडे उतरवून पुरुषवेष. दृश्य कधी थांबायचे, गाणे किती मिनिटांचे, तोंड कोणीकडे करायचे हे सारे आता दुसरा ठरवणार होता आणि समोर यंत्राखेरीज कोणी नव्हते. कर्जबाजारी मालकाला पुन्हा एकदा नोकर नट होण्याची ही संधी होती, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ती वाईट नव्हती. प्रभातशी जमलेले हे नाते त्या एका चित्रपटापुढे गेले नाही. ते रंगभूमीवर परतले, तेव्हा वय सत्तेचाळीसच्या पुढे गेले होते, बोलपटाने नाट्यगृहे ओस पाडली होती आणि मंडळीच्या पेटाऱ्यांवरचे नाव तेवढे जुने राहिले होते.